फायरप्लेसच्या दगडावरचा कोरीव लेख कसा वाचावा : कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पुण्यात जुनी घरे दुरुस्तीला किंवा पाडायला निघाली की रंगाच्या आणि चुन्याच्या थरांखालून कधी कधी कोरीव अक्षरे बाहेर येतात. कॅम्पातल्या किंवा खडकीकडच्या बंगल्यात ती फायरप्लेसच्या तोंडावरच्या आडव्या दगडी पट्टीवर सापडतात, तर पेठांतल्या वाड्यात चौथऱ्यावर, विहिरीच्या कठड्यात किंवा गणेशपट्टीच्या शेजारी. पुढे काय घडते ते जवळजवळ ठरलेले असते. कोणीतरी ओला फडका फिरवतो, कोणी खडूने अक्षरे गिरवतो, मोबाइलवर एक फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत लेख ‘लागल्याचे’ सगळ्यांना कळवूनही होते. अशा वाचनातल्या बहुतेक चुका लिपी येत नसल्यामुळे होत नाहीत, तर कामाचा क्रम उलटा लागल्यामुळे होतात : अर्थ आधी ठरतो आणि अक्षरे मागाहून त्याला जुळवून घेतली जातात. म्हणून पुढच्या टप्प्यांत वाचन मुद्दामच शेवटाकडे ढकललेले आहे. उदाहरणासाठी फायरप्लेस घेतली आहे, कारण काजळी, उष्णतेने सुटलेले पापुद्रे आणि दुसरीकडून आणून बसवलेला दगड या तिन्ही अडचणी तिथे एकत्र भेटतात. वाड्यातल्या दगडासाठीही क्रम हाच आहे.

टप्पा १ : परवानगी आणि हात लावण्यापूर्वीची नोंद

घर खासगी असेल तर मालकाची परवानगी घ्यावी, आणि आत भाडेकरू राहत असतील तर त्यांचीही. मालकी हक्काचे वाद चालू असलेल्या जागेत कॅमेरा घेऊन शिरणाऱ्या माणसाकडे दोन्ही पक्ष संशयाने पाहतात, हे पेठांत फिरणाऱ्याला वेगळे सांगायला नको. दोन ओळींचे लेखी संमतीपत्र पुष्कळ त्रास वाचवते. शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर यांसारख्या संरक्षित वास्तूंमध्ये पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दगडाला स्पर्शही करू नये. तिथे केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो आणि राज्य संरक्षित स्मारकांना महाराष्ट्राचा १९६० चा.

त्यानंतर दगड सापडला त्या स्थितीतच त्याची छायाचित्रे घ्यावीत : आधी संपूर्ण भिंत, मग संपूर्ण फायरप्लेस, मग लेखाची पट्टी, आणि शेवटी एकेक ओळ. प्रत्येक छायाचित्रात फूटपट्टी दिसली पाहिजे. दगडाची लांबी, उंची, जमिनीपासूनचे अंतर, ओळींची संख्या आणि अक्षरांची सरासरी उंची वहीत लिहावी. अक्षरे खोदीव आहेत की उठावाची, म्हणजे भोवतालचा दगड काढून अक्षर वर ठेवले आहे, हेही इथेच नोंदवावे, कारण पुढे प्रकाश कसा टाकायचा ते त्यावर ठरते.

*सावधान :* कोरीव खूण दिसली की गुप्तधनाची कुजबुज सुरू होते आणि फायरप्लेसमागची भिंत फोडली जाते. लेखाचा आणि धनाचा संबंध जवळजवळ कधीच नसतो. आणि खरोखरच काही पुरलेले सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

टप्पा २ : साफसफाई, आणि ती कुठे थांबवायची

सर्वाधिक नुकसान या टप्प्यात होते. पुण्याकडचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. तो कठीण असतो, म्हणून त्याला काहीही चालते असा समज आहे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे धग लागलेल्या पट्टीचा वरचा पापुद्रा सुटत आलेला असतो आणि अक्षराची कड त्या पापुद्र्यातच असते. तारेचा ब्रश, ॲसिड, पाण्याचा जोराचा फवारा आणि ग्राइंडर यांतली कोणतीही गोष्ट दगडाजवळ आणू नये.

काजळी कोरडीच काढावी. मऊ केसांच्या रुंद ब्रशने वरून खाली हलक्या हाताने झाडावे आणि खाली कागद पसरून पडलेली धूळ गोळा करावी. काजळीवर आधी पाणी मारले तर ती दगडाच्या बारीक छिद्रांत उतरते आणि मग निघत नाही. कोरडी काजळी पुरती निघाल्यावरच, पापुद्रे नसलेल्या भागावर, शुद्ध पाण्यात किंचित भिजवलेला कापूस टिपत टिपत वापरता येतो. साबण किंवा डिटर्जंट वापरू नये.

चुन्याचे किंवा ऑइल पेंटचे थर असतील तर ते पूर्ण काढण्याचा मोह आवरावा. अक्षराच्या खाचेत बसलेल्या चुन्यामुळे पुष्कळदा अक्षर अधिक स्पष्ट दिसते. वाड्यांतल्या आणि देवळांतल्या दगडांवर शेंदराची जाड पुटे असतात. शेंदरात शिसे असू शकते, त्यामुळे तो खरवडून त्याची धूळ उडवणे आरोग्यालाही घातक आहे, शिवाय तो पूजेचा विषय असतो. तिथे काम थांबवून जाणकार संवर्धकाला बोलवावे.

*सावधान :* अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, हळद, तेल किंवा रंग भरू नये. भरणारा माणूस आपल्याला दिसलेले अक्षर भरत असतो, दगडावरचे नव्हे. ऑइल पेंटने चुकीचे गिरवलेले अक्षर पुढे येणारे सगळे तसेच वाचत राहतात, आणि मूळ रेघ रंगाखाली कायमची जाते.

टप्पा ३ : तिरपा प्रकाश

वाचनातला निम्मा भाग या टप्प्यात सुटतो, आणि तो नेमका वगळला जातो. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत खाचेची सावली नाहीशी होते आणि झिजलेला लेख सपाट दगडासारखा दिसतो.

खोली अंधारी करावी किंवा रात्री काम करावे. कॅमेरा किंवा मोबाइल ट्रायपॉडवर दगडाच्या बरोबर समोर, समांतर बसवावा आणि तो शेवटपर्यंत हलवू नये. मग बॅटरी दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकेल इतक्या कमी कोनात, साधारण १० ते १५ अंशांत धरून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि चारही कोपऱ्यांतून अशी निदान आठ छायाचित्रे घ्यावीत. एकाच दिशेवर भागवू नये, कारण प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेली रेघ सावली टाकत नाही. बॅटरी वरून धरली की शिरोरेषा ठसठशीत दिसते आणि काना गायब होतो. बाजूने धरली की काना उभा राहतो आणि शिरोरेषा पुसट होते. काना हरवला की ‘राम’चा ‘रम’ होतो, आणि वाचणाऱ्याला आपले काही हरवले याचा पत्ताही नसतो.

वीज नसलेल्या वाड्यात दिवसा काम करायचे असेल तर आरशाने ऊन तिरपे फेकता येते. ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांनी रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग हे तंत्र जरूर वापरावे. त्यात चौकटीत एक चकचकीत काळा गोळा ठेवून, कॅमेरा न हलवता, वेगवेगळ्या दिशांच्या प्रकाशात बरीच छायाचित्रे घेतात आणि मोफत मिळणारी प्रणाली ती एकत्र करून पडद्यावर प्रकाश हवा तसा फिरवू देते.

कागदाचा ठसा घेण्याची जुनी पद्धत उत्तम आहे, पण ती नवशिक्याने फायरप्लेसवर करू नये. ओला कागद ब्रशने ठोकून खाचांत बसवताना सुटलेला पापुद्रा कागदाबरोबर निघून येतो, आणि शाई कागदातून झिरपली तर दगडावर कायमचा डाग पडतो.

*तपासणी :* खालून प्रकाश टाकलेल्या छायाचित्रात खोदीव अक्षरे उठावाची भासतात. हा डोळ्यांचा भ्रम आहे. शंका आली तर पहिल्या टप्प्यातली नोंद पाहावी. बेसाल्टमध्ये मुळातच बुडबुड्यांची बारीक छिद्रे असतात आणि ती अनुस्वारासारखी दिसतात. टाकीने मारलेल्या बिंदूच्या तळाशी घावाचा कोन असतो, तर नैसर्गिक छिद्र आतून गुळगुळीत आणि गोलसर असते. शिवाय तशीच छिद्रे अक्षरांपासून दूरही विखुरलेली दिसतात.

टप्पा ४ : दगड इथलाच आहे का

हा प्रश्न लेख वाचण्याआधी विचारावा. पडलेल्या वाड्याचा किंवा देवळाचा घडीव दगड नव्या बांधकामात वापरणे ही सर्रास चालणारी गोष्ट होती, त्यामुळे इंग्रजी धाटणीच्या फायरप्लेसमध्ये देवनागरी लेखाचा दगड उलटा बसवलेला मिळाला तर नवल मानू नये. खुणा साध्या आहेत : ओळीच्या टोकाचे अक्षर सांध्यात अर्धे कापले गेलेले असते, सांध्याचा चुना अक्षरावर चढलेला असतो, अक्षरे उलटी किंवा आडवी असतात, किंवा या एकाच दगडावरचे टाकीचे काम शेजारच्या दगडांपेक्षा वेगळे दिसते. यांतली एक जरी खूण आढळली तरी लेखातला काळ हा बंगल्याचा काळ मानता येत नाही.

टप्पा ५ : लिपी आणि तिची वळणे

शिरोरेषा नसलेली सुटी, ठळक अक्षरे बहुधा रोमन असतात. बंगल्यातल्या फायरप्लेसवर ही शक्यता आधी तपासावी. स्कॉटलंडमध्ये दाराच्या किंवा शेकोटीच्या दगडी पट्टीवर नवराबायकोच्या नावांची आद्याक्षरे आणि लग्नाचे वर्ष कोरण्याची रीत होती; दोन टोकांना दोन-दोन अक्षरे आणि मध्ये आकडा अशी मांडणी दिसली तर हे आठवावे. जुन्या धाटणीच्या रोमन कोरीव कामात ‘यू’साठी ‘व्ही’ आणि ‘जे’साठी ‘आय’ कोरलेला असतो. वर्ष अक्षरांत असेल तर एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५ आणि आय १. एम, डी, तीन सी, एल, तीन एक्स आणि आय अशी ओळ म्हणजे १८८१. परकार आणि गुण्या एकमेकांवर ठेवल्याची खूण फ्रीमेसन मंडळींची असते, तर दगडाच्या कोपऱ्यातली एकटी साधी खूण पुष्कळदा पाथरवटाची असते. तिच्यात अर्थ शोधत बसू नये.

उठावाची, एकमेकांवर चढलेली, उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरे फारसी किंवा अरबी असतील. ती येत नसतील तर इथेच थांबून छायाचित्रे जाणकाराकडे न्यावीत.

देवनागरी असेल तर पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ऱ्हस्वदीर्घाला धरबंध नसतो. ‘शके’च्या जागी ‘सके’ सर्रास येते. ‘व’ आणि ‘ब’ एकसारखे दिसतात, ‘ख’ आणि ‘रव’ही तसेच. ‘अ’, ‘झ’, ‘ण’, ‘ल’ यांची जुनी वळणे आजच्या छापील अक्षरांहून निराळी आहेत. यादवकालीन लेखांत मात्रा अक्षराच्या वर नसून अक्षराआधी उभ्या दांड्याच्या रूपात येते, त्यामुळे ती काना समजून आधीच्या अक्षराला जोडण्याची चूक फार होते. मोडी दगडावर क्वचितच आढळते; ‘वाचता येत नाही म्हणजे मोडी’ हा निष्कर्ष घाईचा आहे.

टप्पा ६ : नक्कल, अर्थ न लावता

आता वहीत ओळ क्रमांक घालून, अक्षर जसे दिसते तसेच उतरवावे. स्पष्ट अक्षर तसेच लिहावे, शंकास्पद अक्षर चौकटी कंसात, आणि गेलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एक टिंब. शुद्धलेखन सुधारू नये. ‘सके’ दिसले तर ‘सके’च लिहावे.

ही नक्कल दोन माणसांनी स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता करावी आणि मगच ताडून पाहावी. जिथे दोघांचे अक्षर वेगळे येते तिथे पुन्हा आठही छायाचित्रे पाहावीत. एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मान डोलवायची, असे झाले तर तपासणी झालीच नाही असे समजावे.

टप्पा ७ : आधी काळ

मजकुरातला सगळ्यात भरवशाचा भाग म्हणजे कालनिर्देश, कारण त्यातले घटक एकमेकांना तपासतात. शक, संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातले त्या वर्षाचे नाव), मास, तिथी, वार यांपैकी दोन-तीन जरी वाचता आले तरी उरलेले सोडवता येतात. सोडवण्याची रीत दिसावी म्हणून इथे एक कल्पित नमुना घेऊ. टप्पा ६ नंतर वहीत असे उतरले आहे :

ओळ १ : श्री गजानन प्रसंन
ओळ २ : सके १६[१]८ दु . . नाम संवछरे
ओळ ३ : माघ शुध ५ . . वासरे

दुसऱ्या ओळीतला तिसरा आकडा १ आहे की ९, हे झिजेमुळे कळत नाही. कोरीव लेखांत या दोन आकड्यांची गल्लत सर्वांत जास्त होते. अशा वेळी डोळे ताणण्याऐवजी संवत्सराला विचारावे. महाराष्ट्रात चालणाऱ्या गणनेत शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले की उरलेली बाकी हा संवत्सराचा क्रमांक असतो. प्रभव हा पहिला, आणि बाकी शून्य आली तर साठावा क्षय. सूत्र बरोबर आहे का ते शिवराज्याभिषेकावर पडताळता येते : शके १५९६ मध्ये १२ मिळवले की १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, जो त्या वर्षाचा म्हणून प्रसिद्धच आहे.

आता नमुन्याकडे. ‘दु’ने सुरू होणारे संवत्सर तीन : दुर्मुख (३०), दुर्मति (५५) आणि दुंदुभी (५६). शके १६१८ धरला तर बाकी १० येते, म्हणजे धाता. तो बसत नाही. शके १६९८ धरला तर बाकी ३०, म्हणजे दुर्मुख. आकडा ९ ठरला, आणि ‘दु’पुढची दोन अक्षरेही मिळाली. आता तिरप्या प्रकाशातल्या छायाचित्रांत त्या जागी रफार आणि ‘ख’चा काही अवशेष दिसतो का, हे परत जाऊन पाहावे. गणिताने सुचवलेले अक्षर दगडाने नाकारले तर दगडाचे ऐकावे.

शकावरून इसवी सन काढताना ७८ मिळवतात, पण हे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरे. शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला, त्यामुळे त्यानंतरच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. नमुन्यातला मास माघ आहे, म्हणून वर्ष १७७६ नव्हे, १७७७. ही एका वर्षाची चूक छापील पुस्तिकांत आणि देवळांतल्या संगमरवरी पाट्यांवरही सर्रास दिसते. पौषात मात्र १ जानेवारी कुठे पडते ते कोष्टकातच पाहावे.

तिसऱ्या ओळीतला वार वाचता आला तर जुन्या पंचांगाच्या कोष्टकावरून तिथीशी ताडून पाहावा. तो जुळला तर वाचनावर शिक्का बसल्यासारखे होते. वार संस्कृत नावांनी येतात : इंदु म्हणजे सोमवार, भौम मंगळवार, सौम्य बुधवार, भृगु शुक्रवार, मंद शनिवार. ‘सौम्य’ हे त्रेचाळिसाव्या संवत्सराचेही नाव आहे, त्यामुळे त्याच्या पुढे ‘नाम’ आहे की ‘वासरे’ हे पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

मराठेशाहीतल्या लेखांत शकाऐवजी किंवा शकाबरोबर शुहूर सन ही दुसरी वर्षगणनाही येते, तीही अरबी संख्याशब्दांत. एककाचे शब्द इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००. आपल्या नमुन्यात ‘सबा सबैन मया व अलफ’ असे असते तर ७, ७०, १०० आणि १००० मिळून ११७७ झाले असते. शुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो : तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि पुढच्या मृगापर्यंत ६००. माघासाठी ६०० मिळवून १७७७ येते, म्हणजे शकाने दिलेलेच वर्ष. या शब्दांना ‘काहीतरी मंत्र’ समजून सोडून दिलेले लेख कमी नाहीत.

आकड्यांच्या जागी चंद्र, नेत्र, वेद, बाण, ऋतू, वसू असे शब्द आले तर ते अनुक्रमे १, २, ४, ५, ६, ८ होत, आणि ते उजवीकडून डावीकडे मांडायचे असतात. सरळ मांडले तर वर्ष भलतेच निघते.

*तपासणी :* निघालेले वर्ष मजकुराशी जुळते का? याच नमुन्यात पुढे सवाई माधवरावांचा पेशवे म्हणून उल्लेख असता तर १७७७ बसते, कारण त्यांची कारकीर्द १७७४ ते १७९५ आहे. शके १६१८, म्हणजे इ. स. १६९६-९७, मुळीच बसले नसते.

टप्पा ८ : आता अर्थ

शब्द तोडणे, नावे ओळखणे आणि अर्थ लावणे इथे सुरू करावे. नावांच्या मधला ‘बिन’, ‘वलद’ किंवा ‘सुत’ म्हणजे अमक्याचा मुलगा. तो आडनावाचा भाग समजू नये. लेखातले वर्ष कशाचे आहे हेही शब्दांतच शोधावे, कारण बांधल्याचे वर्ष, जीर्णोद्धाराचे वर्ष आणि दान दिल्याचे वर्ष या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन अर्थ शक्य असतील तर दोन्ही लिहावेत. आपल्या घराण्याचे नाव निघावे अशी मालकाची इच्छा असते आणि ती समजण्यासारखीही आहे, पण [ ] मधले अक्षर तिच्यासाठी कंसाबाहेर काढू नये.

टप्पा ९ : जाणकारांकडे नेताना

सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि येरवड्याचे डेक्कन कॉलेज ही पुण्यात विचारण्याची ठिकाणे आहेत. तिथे फक्त आपले वाचन नेऊ नये. भिंतीसह दगडाचे छायाचित्र, आठही दिशांची तिरप्या प्रकाशातली छायाचित्रे, मापे, अर्थ न लावलेली नक्कल, आणि स्वतंत्र कागदावर आपले वाचन, असा संच न्यावा. नक्कल आधी दाखवावी आणि वाचन मागाहून, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा आपल्या अंदाजाने बांधला जाणार नाही. मोबाइलवरून पाठवताना छायाचित्रे दाबली जातात आणि बारीक सावल्या जातात. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर द्यावी.

घर पाडले जाणार असेल तर दगडाचे काय करायचे हे कंत्राटदार येण्याआधी मालकाशी लेखी ठरवावे. लेखाचा पुढचा भाग कापून पातळ फरशी काढून घेण्याची कल्पना कोणीतरी हमखास मांडतो. ती मान्य करू नये, कारण दगडाच्या मागच्या आणि वरच्या बाजूलाही कोरीव काम असू शकते, विशेषतः तो पूर्वी दुसरीकडे वापरलेला असेल तर. दगड अखंड काढावा, सुटताच सहाही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, लेखाच्या बाजूला दोरी किंवा साखळी लागू देऊ नये, आणि तो कोणत्या खोलीतून, कोणत्या भिंतीतून, किती उंचीवरून काढला ते लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याबरोबरच ठेवावी.